परिपूर्णतेच्या अट्टहासावर बारा सत्रे : एका समुपदेशन सेवेचे परीक्षण

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात मी पुण्यातील एका छोट्या समुपदेशन केंद्रात बारा सत्रे पूर्ण केली. परिपूर्णतेचा अट्टहास आणि त्याच्यासोबत येणारे नकारात्मक विचार यांवर बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच विचार आणि वागणे तपासून त्यांत बदल करणारी सीबीटी, या पद्धतीने काम करणारा हा ठरावीक मुदतीचा कार्यक्रम आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण मला त्यातील काही उणिवांविषयी स्पष्टपणे लिहायचे आहे आणि तेथे काम करणारी माणसे इतकी थोडी आहेत की नाव दिल्यास बोट थेट व्यक्तीकडे जाईल. शिवाय हीच पद्धत अन्यत्रही उपलब्ध आहे. ती घ्यावी की नाही, घेतली तर तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि कोठे सावध राहावे, हे वाचकाला कळावे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

व्यवहाराची माहिती आधी सांगते. पहिली भेट सव्वा तासाची होती आणि पुढील प्रत्येक सत्र पन्नास मिनिटांचे. एका सत्राचे शुल्क १,२०० रुपये होते, म्हणजे एकूण १४,४०० रुपये. माझ्या आरोग्यविम्यातून यातील एकही रुपया परत मिळाला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले असले, तरी माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण सेवेचा खर्चच समाविष्ट नव्हता. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. बारा सत्रांची जागा ती घेणार नाही, पण पहिले बोलणे तेथे नक्कीच होऊ शकते.

मी बावीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. १९६२ साली शासनाने मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर यांवर माझा उदरनिर्वाह चालतो. चूक शोधणे हेच ज्या कामाचे स्वरूप आहे, त्या कामात अचूकतेचा आग्रह हा दोष आहे असे कोणी म्हणाले तर मला ते मान्य होणे शक्य नव्हते आणि आजही नाही. मी मदत घ्यायला गेले ती वेगळ्या कारणाने. तीन वर्षांपूर्वी एका कवितासंग्रहाच्या अर्पणपत्रिकेत कवीच्या दिवंगत आईच्या नावातील एक वेलांटी चुकीची छापली गेली. आतील एकशे बारा पाने निर्दोष होती. कवीने एका ओळीत नाराजी कळवली, प्रकाशकांनी उरलेल्या प्रतींत चिकटपट्टी लावली आणि त्यांच्या दृष्टीने तो विषय तेथे मिटला.

माझ्या दृष्टीने तो मिटला नाही. मी प्रत्येक पुस्तकाचे तिसरे प्रूफ झाल्यावर चौथे, पाचवे आणि सहावे वाचन करू लागले. मोबदला पानांवर मिळतो, वाचनांच्या संख्येवर नाही. त्यामुळे त्याच पैशांत दुप्पट वेळ जाऊ लागला. फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा संच, छपाईला गेल्यानंतर रात्री दोन वाजता उठून संगणकावर फाइल उघडून पाहणे सुरू झाले. पुढे तर नवे काम आले की ते सुरू करण्याचेच धैर्य होईना. पहिले पान उघडायला चार-चार दिवस लागत आणि मुदत टळत असे. दोन प्रकाशकांनी काम देणे थांबवले, आणि त्यांचे कारण उशीर हे होते. माझ्या कामातील चुकांविषयी त्यांची कोणतीही तक्रार नव्हती, हे मला सातव्या सत्रापर्यंत नीट उमगलेच नव्हते.

पहिल्या भेटीत मानसतज्ज्ञ बाईंनी माझे बोलणे ऐकण्यापूर्वी दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक नऊ प्रश्नांची, नैराश्याची तीव्रता मोजणारी. तिच्यात सत्तावीसपैकी माझे अकरा गुण झाले, म्हणजे मध्यम पातळी. दुसरी रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तयार केलेली पस्तीस विधानांची. परिपूर्णतेचे सहा पैलू ती वेगवेगळे मोजते : चुकांची धास्ती, स्वतःसाठी ठेवलेले मापदंड, आईवडिलांच्या अपेक्षा, त्यांची टीका, आपण केले ते बरोबर झाले की नाही याची शंका आणि नीटनेटकेपणा. माझे मापदंडांचे गुण जास्त होते, पण सर्वांत जास्त होते ते चुकांची धास्ती आणि शंका यांचे. बाईंनी कागद माझ्यासमोर ठेवून एवढेच सांगितले, “मापदंडांना आपण हात लावणार नाही. आपले काम या दोन रकान्यांवर आहे.” हे ऐकून माझा निम्मा विरोध मावळला. “थोडे सैल सोडा” हा सल्ला घरातल्या प्रत्येकाने देऊन झाला होता आणि दर वेळी मला तो माझ्या कामाचा अपमान वाटला होता.

याच भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली, जी प्रत्येक केंद्रात तपासली जातेच असे नाही. पुन्हा पुन्हा पाहण्याची माझी सवय मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, कक्षेत येते का, हे त्यांनी सविस्तर विचारले, आणि तसे आढळल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे लागेल व उपचाराचा आराखडा बदलेल, हेही आधीच सांगितले. या प्रामाणिकपणाचे मोल मला मोठे वाटते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात त्यांनी जी मांडणी समजावून दिली, ती या कार्यक्रमाचा कणा आहे. ऑक्सफर्डमधील रोझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार त्रासाचे मूळ मापदंड उंच असण्यात नसते. माणूस आपली संपूर्ण किंमत त्या मापदंडाच्या पूर्ततेवर ठरवू लागतो आणि त्याची हानी दिसत असूनही थांबत नाही, येथे ते मूळ असते. यातील सर्वांत बोलका भाग पुढचा आहे. मापदंड गाठता आला नाही तर माणूस स्वतःला दोषी ठरवतो, आणि गाठता आला तर मापदंडच सोपा होता असे ठरवून तो आणखी वर सरकवतो. म्हणजे दोन्ही वाटांनी हातात काहीच पडत नाही. बाईंनी मला गेल्या पाच वर्षांतील एकही चूक न सापडलेल्या पुस्तकांची यादी करायला सांगितली. यादी एकोणीस पुस्तकांची झाली आणि प्रत्येकापुढे मी नकळत एक टीप लिहिली होती : “लेखकाची भाषाच शुद्ध होती”, “पाने कमी होती”, “टाइप मोठा होता”. त्या टिपा मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवल्या तेव्हा मला पुढे बोलता आले नाही.

यानंतर विचारांच्या नोंदींचे काम सुरू झाले. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना असे पाहिले, की प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये एक झटकन येऊन जाणारा विचार असतो आणि तो पकडता आला तर तपासताही येतो. त्यावर आधारलेला सात रकान्यांचा तक्ता मला भरायचा होता : प्रसंग, भावना व तिची टक्केवारी, मनात उमटलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, अधिक समतोल विचार आणि शेवटी भावनेची पुन्हा मोजणी. तक्ता साधा आहे आणि उपयोगी आहे. “एक वेलांटी चुकली म्हणजे सगळे पुस्तक वाया गेले” हा विचार कागदावर लिहिला की त्यातील सर्व-किंवा-शून्याची रीत डोळ्यांना दिसते. “प्रकाशकांचा फोन आला नाही, म्हणजे ते नाराज आहेत” यातील परस्पर दुसऱ्याचे मन वाचण्याची सवय दिसते. “शंभर पाने बरोबर आली ती येणारच होती” यातील चांगल्याला हिशेबातून वगळण्याची खोड दिसते.

मात्र या तक्त्याची मराठी अत्यंत निकृष्ट होती, आणि ही माझी पहिली गंभीर तक्रार आहे. “स्वयंचलित विचार” हा शब्द वाचताना मला दुकानाचे सरकते दार आठवते. “आपोआप उमटणारे विचार” म्हटले असते तर कोणालाही कळले असते. “आपत्तीकरण” या शब्दाऐवजी “राईचा पर्वत करणे” आणि “लेबलीकरण” या शब्दाऐवजी “शिक्का मारणे” हे आपल्या बोलण्यातले प्रयोग हाताशी असताना, मन आधीच खचलेल्या माणसाला अनुवादाच्या जंगलात का शिरायला लावावे? सोबतच्या पुस्तिकेत शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी पहिल्याच रात्री लाल शाईने दुरुस्त केल्या. पुढच्या सत्रात मी ती पुस्तिका पुढे केली तेव्हा बाईंनी ती शांतपणे पाहिली, चुका मान्य केल्या, आभार मानले आणि विचारले, की या अकरा दुरुस्त्या करताना पुस्तिकेतील मजकुरापैकी किती माझ्या लक्षात राहिला. जवळजवळ काहीच राहिला नव्हता. तरीही मी म्हणेन की मानसिक आरोग्याचे साहित्य मराठीत देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते एकदा चांगल्या संपादकाकडून तपासून घ्यावे. ही मागणी परिपूर्णतेच्या अट्टहासातून आलेली नाही. समोरच्याला समजेल असे बोलणे ही उपचाराची पहिली अट आहे.

मराठी भाषेचा उत्तम उपयोग मात्र चौथ्या सत्रात झाला, आणि तो बाईंचा स्वतःचा होता. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात अपरिचित नाही. मुंबईचे प्रा. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती येथे रुजवली आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती व्याख्यानांतून सामान्य श्रोत्यांपर्यंत नेली. इच्छेचे रूपांतर हट्टाच्या मागणीत झाले की त्रास सुरू होतो, हा तिचा गाभा. बाईंनी मला माझ्या नोंदींमधील प्रत्येक “च” अधोरेखित करायला सांगितला. “प्रूफ निर्दोष असलेच पाहिजे.” “मुदत पाळलीच पाहिजे.” “माझ्याकडून असे होताच कामा नये.” दोन आठवड्यांच्या नोंदींत सत्तेचाळीस “च” निघाले. मग तीच वाक्ये “च” वगळून पुन्हा लिहायची होती. “प्रूफ निर्दोष असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि त्यासाठी मी तीन वाचने करते” या वाक्यात माझा एकही मापदंड खाली आला नव्हता, पण छातीवरचे ओझे उतरले होते. बावीस वर्षे शब्दयोगी अव्ययांशी रोजचा संबंध असून या एका अक्षराचे वजन मला ठाऊक नव्हते.

असे असले, तरी केवळ विचार बदलून माझ्यात फारसा फरक पडला असता असे मला वाटत नाही. समतोल विचार लिहून झाल्यावरही मन म्हणत असे, “हे खरे असेल, पण एकदा पाहून घेऊ.” खरा बदल घडवला तो प्रयोगांनी, आणि म्हणून या कार्यक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणून मी त्यांचे वर्णन सविस्तर करणार आहे.

पहिला प्रयोग माझ्याच कामावर होता, पण त्यात काहीही बिघडवायचे नव्हते. चार पुस्तकांच्या प्रत्येक सोळा पानी फॉर्मसाठी, कोणत्या वाचनात किती चुका सापडल्या, याची मी दीड महिना नोंद ठेवली. पहिल्या वाचनात सरासरी अडतीस, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात एक किंवा दोन. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या वाचनांत मिळून, चारही पुस्तकांत, एकूण तीन. आणि याच उशिराच्या वाचनांत मी स्वतः पाच ठिकाणी बरोबर असलेले चूक केले होते. “पाश्चात्त्य” हा शब्द मी पाच-सहा वेळा पाहिल्यावर मला परका वाटू लागला आणि त्यातील एक “त” मी काढून टाकला. “उज्ज्वल” या शब्दाचेही तेच झाले. म्हणजे ज्या वाचनांना मी सुरक्षिततेचे कवच समजत होते, त्यांनी तीन चुका काढून पाच घातल्या होत्या. हे कोणी मला पटवून दिले असते तर मी वाद घातला असता. आकडे माझ्या हातचे होते, त्यामुळे वाद घालायला जागा उरली नाही.

दुसऱ्या प्रयोगात जाणीवपूर्वक चूक करायची होती. येथे आमचा मतभेद झाला. प्रथम त्यांनी सुचवले, की एखाद्या पुस्तकात अगदी किरकोळ चूक ठेवून पाहावे. मी स्पष्ट नकार दिला, कारण ज्याने मला मोबदला दिला आहे त्याच्या कामावर माझ्या उपचाराचा प्रयोग करणे मला नीतीला धरून वाटले नाही. त्यांनी माझे म्हणणे लगेच मान्य केले आणि ही सूचना चुकीची होती असे सांगितले. परिपूर्णतेविषयी बोलणाऱ्या व्यक्तीने स्वतःची चूक इतक्या सहजपणे स्वीकारलेली पाहणे, हे त्या दिवशीचे सर्वांत उपयुक्त शिक्षण ठरले. मग आम्ही आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाची निवड केली. पाण्याच्या टाकीच्या सफाईबाबतच्या सूचनेत मी “मीटिंग” हा शब्द दुसरी वेलांटी दीर्घ करून लिहिला आणि संदेश दुरुस्त करायचा नाही असे ठरवले. आधी अंदाज लिहून ठेवला होता : किमान तिघेजण टोकतील, अस्वस्थता नव्वद टक्के असेल आणि ती रात्रभर टिकेल. प्रत्यक्षात चौदा जणांनी अंगठा दाखवला, एकाने सफाईची वेळ विचारली, अस्वस्थता पहिल्या वीस मिनिटांत खरोखरच नव्वदपर्यंत गेली आणि संध्याकाळी सातपर्यंत वीसवर आली. अस्वस्थता काहीही न करता आपोआप उतरते, हे मी वाचलेले होते. ती उतरताना अनुभवणे ही निराळी गोष्ट आहे.

तिसरा प्रयोग विचारपूस करण्याचा होता. छापील पुस्तकात चूक दिसली तर मुद्रितशोधकाविषयी तुमच्या मनात काय येते, हा प्रश्न मी दोन प्रकाशकांना, एका लेखिकेला, एका अक्षरजुळणी करणाऱ्या सहकाऱ्याला आणि माझ्या मुलीला विचारला. पहिल्या चौघांची उत्तरे थोड्याफार फरकाने सारखी होती : पुढच्या आवृत्तीसाठी नोंद करतो, चूक मोठी असेल तर चिडतो, मग विसरतो. मुलीचे उत्तर वेगळे होते. ती बंगळुरूला नोकरी करते आणि गेली दोन वर्षे मला लिहून संदेश पाठवत नव्हती, नेहमी आवाजाचा संदेश पाठवत असे. मला ते तिच्या धावपळीमुळे वाटत होते. ती म्हणाली, “आई, लिहिलं की तू आधी ऱ्हस्व-दीर्घ सांगतेस आणि मग उत्तर देतेस.”

या एका वाक्यावर खरे म्हणजे तीन सत्रे व्हायला हवी होती. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेचे तीन प्रकार वेगळे केले : स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि समाजाची आपल्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा आहे असा समज. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारावर या कार्यक्रमात पुरेसे काम झाले. दुसऱ्यासाठी आराखड्यात केवळ एक सत्र होते आणि तेही अकरावे. आपल्या अट्टहासाची झळ घरच्यांना किती लागली, हे समजल्यानंतर माणसाला जी खंत वाटते, तीही पुन्हा “मी आई म्हणून नापास” अशा सर्व-किंवा-शून्याच्या विचारात जाऊ शकते, आणि माझ्या बाबतीत ती गेली. पुढे सत्र एकच उरलेले असताना हा विषय उघडणे मला अयोग्य वाटले. केंद्राने आराखड्यात बदल करून हा भाग पाचव्या-सहाव्या सत्रातच घ्यावा, असे मी लेखी कळवले आहे.

दुसरी मोठी उणीव गृहपाठाच्या रचनेत आहे. केंद्राचे एक मोबाइल ॲप आहे. त्यात रोजची नोंद केली की हिरवी खूण उमटते आणि सलग किती दिवस झाले याचा आकडा वाढत जातो. एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्यावर येतो. परिपूर्णतेच्या त्रासासाठी आलेल्या माणसाच्या हातात सलगतेचा आकडा देणे म्हणजे तहानलेल्याला खारे पाणी देण्यासारखे आहे. मी चोविसाव्या दिवशी नोंद करायला विसरले, रात्री पावणेबारा वाजता उठून आठवेल तसा तक्ता भरला आणि आकडा वाचवला. त्यातील एकही विचार त्या दिवशी माझ्या मनात आलेला नव्हता. कागदावरच्या नोंदी मी आधी कच्च्या वहीत लिहून मग सुवाच्य अक्षरात उतरवून काढत होते. म्हणजे ज्या रोगाचा उपचार चालला होता, तोच उपचाराच्या वहीत येऊन बसला होता. बाईंच्या हे पाचव्या सत्रात लक्षात आले, तेव्हा त्यांनी ॲप बंद करायला लावले आणि यापुढे नोंदी पेन्सिलीने, खाडाखोडीसह, जास्तीत जास्त दहा मिनिटांत लिहायच्या आणि आठवड्यातून किमान दोन दिवस मुद्दाम लिहायच्या नाहीत, अशी अट घातली. ही अट पहिल्याच सत्रात घातली असती तर चार आठवडे वाचले असते.

केंद्रात महिन्यातून एकदा आठ जणांचा गट बसतो. मी दोन वेळा गेले. सनदी लेखापालाची परीक्षा देणारा एक तरुण, एक नृत्यशिक्षिका, दोन अभियंते, घरी राहून वृद्ध सासूबाईंची सेवा करणारी एक गृहिणी अशी माणसे तेथे होती. अभ्यास शंभर टक्के झाला नाही तर परीक्षेला बसायचेच नाही, असे ठरवून त्या तरुणाने सलग दोन वेळा अर्ज भरूनही परीक्षा दिली नव्हती. चालढकल हा आळस नसून भीती असू शकते, हे मला त्याच्याकडे पाहून समजले. स्वतःकडे पाहून समजले नव्हते. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील माहितीचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा समाजाच्या अपेक्षांचा दबाव दर्शवणारे गुण तेहतीस टक्क्यांनी वाढलेले आढळले. हे आकडे आपल्याकडचे नाहीत, पण त्या खोलीतील तरुण चेहरे पाहताना मला त्यांची आठवण झाली. गटाची वेळ नव्वद मिनिटे होती आणि आठ माणसांसाठी ती अपुरी पडली. दोघांना तर बोलताच आले नाही.

बालपणाकडे बाईंनी फार वेळ दिला नाही, आणि तो निर्णय मला योग्य वाटला. माझे वडील शिक्षक होते. आजीला लिहिलेली माझी पत्रे ते लाल शाईने तपासत आणि मला ती पुन्हा लिहायला लावत. आजीपर्यंत माझे पहिले पत्र कधीच पोहोचले नाही, नेहमी दुसरेच पोहोचले. एवढे सांगून झाले, बाईंनी ते ऐकून घेतले आणि आम्ही पुन्हा आजच्या कामाकडे वळलो. वडिलांविषयी तक्रार करण्याचा माझा हेतू नव्हता आणि मला तसे करायलाही लावले गेले नाही.

आता निष्पत्ती सांगते. बाराव्या सत्रात नैराश्याच्या प्रश्नावलीतील गुण अकरावरून पाचवर आले. फ्रॉस्ट यांच्या प्रश्नावलीत चुकांची धास्ती आणि शंका यांचे गुण स्पष्टपणे उतरले, मापदंडांचे गुण मात्र जवळजवळ जागेवरच राहिले, आणि मला नेमके हेच हवे होते. मी आता प्रत्येक पुस्तकाची तीन वाचने करते. शीर्षकपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका आणि मथळे यांचे एक स्वतंत्र चौथे वाचन करते, आणि ते भीतीपोटी नसून या जागा घाईत सुटतात हा व्यवसायाचा जुना अनुभव आहे म्हणून. काम थांबवलेल्या दोन प्रकाशकांपैकी एकाने पुन्हा पुस्तके पाठवायला सुरुवात केली आहे. रात्री उठून फाइल उघडणे बंद झाले आहे. नवे काम सुरू करतानाची धडधड मात्र गेलेली नाही. पूर्वी ती चार दिवस टिकत असे, आता अर्धा दिवस टिकते. एका पुस्तकात डिसेंबरमध्ये पुन्हा एक चूक राहिली. मला दोन दिवस वाईट वाटले, मी लेखिकेला फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि तिसऱ्या दिवशी पुढचा फॉर्म हातात घेतला.

हा कार्यक्रम कोणाला उपयोगी पडेल, याविषयी माझे मत असे आहे. ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे, पण त्या कामानेच ज्याचा श्वास कोंडला आहे, जो लिहून काढण्याची आणि करून पाहण्याची तयारी ठेवू शकतो, त्याने तो अवश्य घ्यावा. ज्याला केवळ कोणीतरी ऐकून घ्यावे अशी गरज आहे, त्याला पन्नास मिनिटांची ही शिस्तबद्ध रचना रुक्ष वाटेल. ज्याची झोप आणि भूक पूर्ण बिघडली आहे किंवा ज्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, त्याने आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. तक्ते भरणे नंतर होऊ शकते.

नाव नोंदवण्यापूर्वी काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. उपचार करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदलेली आहे का, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मी विचारले तेव्हा बाईंनी स्वतःहून नोंदणी क्रमांक दाखवला. सत्रे किती, मध्येच थांबल्यास शुल्काचे काय, गृहपाठ कोणत्या स्वरूपाचा आणि साहित्य मराठीत आहे का, हेही विचारावे. ॲप वापरावे लागणार असेल तर त्यातील सलग दिवसांचा आकडा बंद करता येतो का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. प्रतीक्षाकक्षात नाव मोठ्याने पुकारले जाते, हे मला खटकले. मी विनंती केल्यावर माझ्यापुरते त्यांनी ते थांबवले.

कार्यक्रम संपल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पाठपुराव्याच्या भेटी असतात आणि त्यांचे शुल्क निम्मे आहे. तीन महिन्यांची भेट झाली. सहा महिन्यांची पुढच्या पंधरवड्यात आहे आणि तीत दुसऱ्या प्रकाराविषयीच, म्हणजे माझ्या इतरांकडूनच्या अपेक्षांविषयी, बोलायचे असे मी बाईंना कळवून ठेवले आहे. मुलगी गेल्या महिन्यापासून पुन्हा लिहून संदेश पाठवू लागली आहे. ती काय म्हणते याचे उत्तर मी आधी देते.